माझा श्वास मागे पडतोय

…अहो, सोपं असेल डॉक्टरांना! मला म्हणाले, ‘डोळे मिटायचे, श्वासाकडे बघायचं, रोज दहा मिनिटं. अगदी सोपं आहे!’ आता मला सांगा, डोळे मिटल्यावर बघायचं कसं? पण विचारणार कोण, गरज माझी! मी घड्याळं दुरुस्त करतो, घराच्याच पुढच्या खोलीत, चोवीस वर्षं झाली, आणि मध्यंतरी हात थरथरायला लागला. चिमट्यातून स्क्रू सुटायचा, तिळाहून बारीक स्क्रू हो, की मी, बायको आणि लेक, तिघं जमिनीवर रांगतोय! सापडायचा नेहमी बायकोलाच. ‘हा घ्या,’ म्हणायची आणि कपाळ दाबत आत जायची. तिचं डोकं कायम दुखतं… दुखायचं, ते सांगतो पुढे. तर डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही, मनावर ताण आहे. घड्याळजीचा हात गेल्यावर राहिलं काय? घाबरलो होतो, खरंच घाबरलो होतो. म्हटलं, बसू या.

बसलो आतल्या खोलीत, पाठ ताठ, डोळे बंद. श्वास आत… श्वास बाहेर… आणि भिंतीवर टिक्-टक, टिक्-टक. झालं! मोजायला लागलो ना मी! आत घ्यायला चार ठोके, सोडायला पाच. पुन्हा मोजलं, चार आणि सहा! घाम फुटला. ओरडलो, ‘अगं, माझा श्वास मागे पडतोय!’ ती बिचारी हातातलं टाकून धावत आली, तिला वाटलं, आटोपलं ह्यांचं. खरं कळल्यावर जे काही बघितलं माझ्याकडे…

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातलं घड्याळ लंगडत होतं. टिक्… टक्-टिक्. तुम्हाला नाही ऐकू येणार, मला येतं. उठलो, उतरवलं, उघडलं, गेला तास! लेक विचारते, ‘बाबा, झालं ध्यान?’ म्हटलं, ‘झालं! आता सेकंदाचाही फरक नाही!’ अगदी सोपं आहे म्हणे!

मग तिसऱ्या दिवशी बायकोनं काय करावं? घरातली सगळी घड्याळं बंद केली! दुकानातली सतरासुद्धा! माझं दार ओढून घेतलं आणि लेकीला दटावलं, ‘बाबा बसलेत, आवाज नको.’ काय शांतता हो! पण तुम्हाला सांगतो, दहा मिनिटं झाली हे सांगणार कोण? मी आपला श्वास आत, श्वास बाहेर, झाली असतील का दहा… झाली असतील का… शेवटी दार उघडलं तर भिंतीवरचं ऊन जमिनीवर उतरलेलं, लेक पुस्तकात बुडालेली, आणि बायको माझ्या खुर्चीत, पाय पसरून! एरवी माझं चालू असतं ना, चिमटा कुठाय, चहा कुठाय, उशीर झाला! मला बघून दचकली. म्हणाली, ‘झालं इतक्यात?’

इतक्यात!

महिनाभर बसलो. मग दोघंही गेलो डॉक्टरांकडे, तिचं डोकंही तेच बघतात. डॉक्टर म्हणाले, ‘हात पुढे करा.’ थरथर होती तेवढीच. ‘आणि वहिनी, तुमचं डोकं?’ ‘महिन्यात एकदाही दुखलं नाही! हे बसले की घर कसं निवांत होतं!’ डॉक्टर खूश. ‘मग ध्यान सोडायचं नाही!’ म्हटलं, कुणी, हिनं? ‘छे छे, तुम्ही!’

आता बारीक स्क्रू तीच बसवते. वाईट वाटलं का? वाटलं ना, खोटं कशाला बोलू! पहिल्यांदा तिनं भिंग डोळ्याला लावलं, चिमटा उचलला, मी शेजारी जीव मुठीत धरून उभा… आणि हात जरा म्हणून हलला नाही हो! बसला स्क्रू. इतके दिवस जमिनीवरून शोधून देत होती, चोवीस वर्षांत मी मेला कधी बसवायला दिला नव्हता! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. शाबासकी द्यायला तोंड उघडलं, तर वर न बघता म्हणते, ‘अहो, आत जाऊन बसा बघू.’

बसतो आता. डोळे मिटून… श्वास आत… श्वास बाहेर… ती हाक मारेपर्यंत. अगदी सोपं आहे!