तंबू फाटला की घरी

...नाही, बसा हो, बसा, चपला तेवढ्या बाहेर काढा, पण आल्या आल्या 'काका, तंबू कुठला घेतलात' हे विचारू नका, हात जोडतो. या मैदानावर जो येतो तो गाडी लावतो आणि तडक माझ्या तंबूला हात लावून बघतो. कापड किती जाड, काठ्या कसल्या, वाऱ्यात हलतो का... माझी चौकशी कुणी करत नाही, तंबूची करतात. नाही हलत. सात वर्षं होत आली, तंबूला काही झालं नाही. झालं असतं तर मी इथं तुमच्यापुढे बोलत बसलो असतो का?

तुम्हाला सांगतो, मी मीटरवाला. पाणीखात्यात चौतीस वर्षं लोकांच्या घरात शिरून, जिन्याखाली वाकून, न्हाणीघरात गुडघे टेकून मीटर वाचले. काटा दाखवील तो आकडा लिहायचा, स्वतःची अक्कल चालवायची नाही, एवढीच नोकरी. पण चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंतींची ओल हुंगल्यावर घर म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायला लागला. म्हणून निवृत्त झालो त्याच आठवड्यात हिला म्हटलं... ही म्हणजे आमची बायको, शिवणकाम करते, शाळेचे गणवेश, पडदे, विजारींच्या चेनी, गल्लीतलं जे काही उसवेल ते तिच्याकडे. हिला म्हटलं, पुरे झाली घरं, आता फिरायचं, तंबूत राहायचं. ती टीप मारत होती. मशीन थांबवलंसुद्धा नाही. म्हणाली, "किती दिवस?"

मी म्हटलं, आधी तंबू तर बघू. गेलो दुकानात. तिथला विक्रेता म्हणजे तोंडाचा पट्टा सुरूच, "काका, हा मोहिमेचा तंबू, बर्फाच्या डोंगरावर नेतात, वादळात काका उडतील, तंबू उडणार नाही." तो बोलतोय आणि ही आपली दोन बोटांत कापड धरून चोळतेय, चोळतेय... मग मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणते, "चालेल. पण तंबू फाटला की घरी यायचं. कबूल?" मी म्हटलं, कबूल. ती हसली. का हसली ते मला सहा वर्षांनी कळलं. तिनं जन्मभर सुती कापड शिवलं होतं. तिचा अंदाज, दोन उन्हाळे निघतील, तिसऱ्यात कापड विरणार. हे असलं कापड तिच्या सुईखाली कधी आलंच नव्हतं हो.

पहिला उन्हाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तंबूला काही झालं नाही. आमचं झालं. गुडघे गेले, कारण या असल्या घरात ताठ उभं राहता येत नाही. कपडे बदलायचे ते आडवं पडून, मी बदलताना तिनं बाहेर, ती बदलताना मी बाहेर, आणि बाहेर कोण उभं असेल सांगता येत नाही. सकाळी छतावरून आपल्याच श्वासाचं पाणी आपल्याच कपाळावर टपटप. स्वयंपाक दाराशी उकिडवं बसून. मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? आज इथं, महिन्यानं तिथं. आणि ही? ही फक्त एक गोष्ट म्हणायची, तीसुद्धा अधूनमधून, भाजी चिरता चिरता... "मला ना, एकदा भिंतीत खिळा ठोकायचाय." मी म्हणायचो, कशाला? ती म्हणायची, "काही नाही, पिशवी अडकवायला." मी दुसऱ्या दिवशी तिला काठीला बांधायचा आकडा आणून दिला. पिशवी अडकवायचीच होती ना? अडकव! एवढा मी हुशार.

मग चौथ्या वर्षी फाटला.

फाटला म्हणजे, वरची फांदी पडली, मागच्या बाजूला ही एवढी, वीतभर चीर. मी बाहेर बसलो चेहरा पाडून. संपलं म्हटलं. शब्द दिलाय, आता ही म्हणणार, चला घरी. ही आली, बोटानं चीर चाचपली, आत गेली, सुईदोऱ्याचा डबा काढला आणि बसली शिवायला. चहासुद्धा घेतला नाही. म्हटलं, अगं? तर म्हणाली, "उसवलेलं डोळ्यांसमोर राहिलं की मला घास उतरत नाही." मी तर उडालोच. मनात म्हटलं, बघा, बाईला तंबू आवडला! हिला घरी जायचंच नाहीये! आणि वर काय बोललो माहितेय? "बारीक टाके घाल."

त्यानंतर अकरा वेळा. कुत्र्यानं पंजा मारला, ठिणगी उडाली, एकदा माझाच पाय अडकला. अकरा वेळा ती शिवायला बसली, अकरा वेळा मी शेजारी बसून सूचना केल्या, दोरा दुहेरी घे, कड आत दुमड... गणवेशांचे ढीग शिवलेल्या बाईला मी, मीटरवाला, शिकवतोय. ती शिवता शिवता मध्येच मान वर करून माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, दोरा ओवून हवाय. मी ओवून द्यायचो. आणि टाके असे की पाणी पडलं तरी थेंब आत नाही. तंबूला काही झालं नाही.

सहाव्या वर्षी मुलीचा पाय मोडला. मुलगी आमच्या घराच्या मागच्याच गल्लीत राहते. ही म्हणाली, पंधरा दिवस जाऊन येते. म्हटलं, ये. पंधराचा महिना झाला. मुलगी चालायला लागली, दुकानात जायला लागली, ही काही येईना. एक दिवस फोन केला तर मागून ठकठक आवाज. म्हटलं, काय चाललंय? तर म्हणाली, "खिळा ठोकतेय." आणि मग, ठोकणं न थांबवता, "मी राहते आता इथंच."

मी काय म्हणालो असेन? तुम्ही शहाणी माणसं आहात, तुम्ही म्हणाला असतात, बरं, मीही येतो. मी म्हटलं, "ठरलं काय होतं? तंबू फाटला की." पलीकडची ठकठक थांबली. मग ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, रडण्याबिडण्याचा नाही, "बारा वेळा फाटला हो. प्रत्येक वेळी टाका घालताना मला वाटायचं, आता हे म्हणतील, राहू दे, जाऊ घरी. म्हणून तर सावकाश शिवत होते."

सावकाश शिवत होती. आणि मी दोरा ओवून देत होतो.

बरं, त्याच दिवशी निघायचं की नाही? नाही निघालो. मला लाज वाटली, आणि मला लाज वाटली की मी नियम काढतो. पाच महिने एकटा राहिलो. एकट्याला हा तंबू उभा करायला किती वेळ लागतो? दीड तास. एक टोक खोचलं की दुसरं निसटतं, तिकडं धावलो की हे निसटतं, आणि धरायला कुणी नाही. जेवायला बसलो की दोन ताटल्या निघायच्या. मग मीच वाट बघायला लागलो, फाट बाबा, एकदाचा फाट. काटेरी झुडपाला खेटून लावला. वाऱ्याच्या दिवसांत दोऱ्या सैल सोडल्या. शेजारच्यांच्या कुत्र्याला बिस्किटं घालून आत बोलावलं, ते येऊन झोपलं. तंबूला काही झालं नाही.

शेवटी गेलो गावात, कात्री आणली, आणि दाराच्या बाजूला... कापला. हातभर. सांगतो तुम्हाला, मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. गुंडाळला, बसमध्ये मांडीवर घेतला, अकरा तास.

भर दुपारी घरी पोचलो. दार उघडंच. ही मशीनशी बसलेली, मागं भिंतीत खिळा, त्याला काहीच अडकवलेलं नाही. मी म्हटलं, "तंबू फाटला." ती उठली, मला पाणी दिलं, मग तंबू उलगडून मांडीवर घेतला आणि त्या चिरेच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदाच. म्हणाली, "फाटलेल्या कापडाला दशा सुटतात, धागे लोंबतात. हे कापलंय."

शिवणाऱ्या बाईला कापलेलं दाखवून फाटलं म्हणून सांगणारा मी पहिलाच असेन. ती चिडली नाही. उलट मऊ आवाजात विचारलं, "का आलात?" बघा, किती सोपा प्रश्न. तुझ्याशिवाय राहवत नाही म्हणून. घरी यायचंय म्हणून. चुकलो म्हणून. तीनपैकी कुठलंही चाललं असतं हो. मी म्हटलं, "तंबू फाटला म्हणून." तिनं पुन्हा विचारलं, अगदी माझ्याकडे बघून, "का आलात?" आणि मी, चौतीस वर्षांचा मीटरवाला, पुन्हा तोच आकडा वाचला.

ती मशीनवर बसली. या वेळी सावकाश नाही. धाड धाड धाड, टीप मारली, उलट फिरवून दुसरी मारली, दोरा दातानं तोडला. नीट घडी केली, माझ्या हातात दिला, म्हणाली, "घ्या. झाला पक्का." मी चपला घातल्या. ती दारापर्यंत आली. आत्ता म्हणावं, आत्ता म्हणावं, असं करत मी गल्लीच्या टोकाला पोचलो.

तर आता तुम्ही विचारताय ते सांगतो. दाराजवळ हात लावा... हां, तिथं. मी रोज सकाळी चहाआधी नखानं उचकटून बघतो, एखादा टाका तरी सुटतोय का. सुटत नाही हो. फार चांगलं शिवते ती.