बंद लिफाफ्यातली ओळ

कांता : दार लावू नका साहेब. मी काही विकायला आलेली नाही.

गुरुदत्त : बाई, मी तुम्हाला ओळखत नाही.

कांता : गुरुदत्त पाटणकर ना तुम्ही? मंगळवारी हॉस्पिटलात डोळे दाखवायला आलेलात. हात धरून लिफ्टपर्यंत नेलं ती आया मीच. कांता उबाळे, दिव्याला राहते.

गुरुदत्त : पत्ता कुठून मिळाला?

कांता : केसपेपरवरून.

गुरुदत्त : दुसऱ्याचे खाजगी कागद असे वाचणं बरोबर नाही.

कांता : नाही ना? मग माझ्या पोरीबद्दल तुम्ही काय लिहिलंत, ते सांगा.

हेमा : काय झालं? अहो, कोण आहेत या? आत घ्या त्यांना, जिन्यात कशाला उभं करता?

कांता : ताई, हे तीन वर्षांमागे आमच्या चाळीत आलेले. पाण्याचा मोर्चा निघालेला तेव्हा. मी पेपरवाला आहे, बातमी छापतो बोलले. माझ्या प्रीतीने यांना खुर्ची दिली, चहा दिला. आणि मंगळवारी डॉक्टरला हेच सांगत होते, गुप्तवार्ता खात्यात तीस वर्षं काढली म्हणून. मी तिथेच उभी होती. तेव्हाच चेहरा ओळखला.

गुरुदत्त : मला काही आठवत नाही.

हेमा : तुम्हाला आपल्या लग्नातली पंगत आठवते. बसा उबाळेबाई. मुलीचं काय झालं?

कांता : सरकारी हॉस्पिटलात नर्स लागणार होती. परीक्षेत पास, मेडिकल पास, पोलिसांच्या चौकशीत नापास. का, ते कोण सांगत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तर म्हणे, हे खातं त्या कायद्यात बसतच नाही. कोर्टात गेलो. तिथे सरकारी वकिलाने जजसाहेबांच्या हातात बंद लिफाफा दिला. त्यांनी वाचला, परत बंद केला. आमच्या वकिलालापण दाखवला नाही. नाव माझ्या पोरीचं, आणि सगळ्यांनी वाचलं, तिने सोडून!

हेमा : अहो, बोला ना काहीतरी.

गुरुदत्त : हेमा, तू आत जा.

हेमा : नाही जाणार.

गुरुदत्त : त्या मोर्चात काळुराम नावाचा एक माणूस होता, खात्याच्या यादीतला. मी त्याच्यावर नजर ठेवायला गेलो होतो. लाठीमार झाला, त्याचं डोकं फुटलं. तुमच्या मुलीने त्याला पट्टी बांधली.

कांता : नर्सिंगला होती ती! रक्त बघून काय पळून जाईल?

गुरुदत्त : मी लिहिलं, 'काळुरामची निकटची सहकारी.'

हेमा : का?

गुरुदत्त : महिनाअखेर होती. वरून नावं मागत होते. 'विशेष काही नाही' असं लिहिलं, की कागद परत यायचा. माझे दोन कागद आधीच परत आले होते.

कांता : मग तुमचं लिहिलेलं कोण तपासतं?

गुरुदत्त : माझ्यावरचे साहेब सही करायचे.

कांता : त्यांच्यावर?

गुरुदत्त : त्यांचे साहेब.

कांता : सगळे तुमचेच. बाहेरचं कोण? आम्ही मत देतो, त्यातलं कोण?

गुरुदत्त : कुणी नाही. सभागृहात प्रश्न आला, तर गोपनीय आहे एवढंच उत्तर जायचं. आम्हाला तेव्हा ते बरं वाटायचं. कुणाची कटकट नाही.

कांता : साहेब, उद्या कोर्टात शेवटची तारीख आहे. येऊन एवढंच सांगा. पट्टी बांधली, बस.

गुरुदत्त : निवृत्त झालो तरी खात्यातलं बोलायला परवानगी लागते. न घेता बोललो, तर पेन्शन थांबवतील. गुन्हासुद्धा दाखल होईल.

कांता : परवानगी कोण देतं?

गुरुदत्त : खातंच.

कांता : वा! मग मी कुठे जाऊ? पोलीस स्टेशनला गेली, कलेक्टर ऑफिसला गेली, आमदाराच्या दारात चार सकाळी बसली. सगळे बोलतात, वरून आहे. वर म्हणजे कुठे, ते तरी दाखवा. पाया पडते तुमच्या...

गुरुदत्त : अहो, नको, उठा! उठा आधी!

कांता : पोरगी चार दिवस जेवली नाही. प्रायव्हेटमध्ये होती, तिथूनही काढलं, कोणीतरी जाऊन सांगितलं तिच्यावर रिपोर्ट आहे म्हणून. काल मला विचारते, आई, मी खरंच काही केलं का गं? मला आठवत नाहीये, पण केलं असेल का? मी काय सांगू तिला?

हेमा : अहो...

गुरुदत्त : पेन्शन गेली तर तुझी औषधं कुठून आणू?

हेमा : तो विचार माझ्याही मनात आला, खोटं कशाला बोलू. पण तिच्याशी फोनवर बोलायला तर परवानगी लागत नाही ना?

कांता : थांबा, मीच लावते. प्रीती? हां, मी ठाणे शहरातच आहे. बाळा, एक जण बोलतायत, फोन ठेवू नको. घ्या साहेब.

गुरुदत्त : प्रीती? मी... दिव्यात तुमच्याकडे आलो होतो, पेपरवाला म्हणून. हो, तोच. नाही, पेपरात नव्हतो मी. ऐक. तू काही केलेलं नाहीस. काहीही नाही. मी खोटं लिहिलं. ... हो. ... हो, मीच. ... हॅलो?

हेमा : काय म्हणाली?

गुरुदत्त : ठेवला तिने. म्हणाली, हे मला कशाला सांगता, मला आता कळलं. त्यांना सांगा, कोर्टात.

हेमा : मग?

गुरुदत्त : मग काय. उबाळेबाई, उद्या किती वाजता?

कांता : साडेदहा. अकरा नंबरची खोली. याल?

गुरुदत्त : येईन. पण खोटी आशा धरू नका. मला उभंसुद्धा राहू देणार नाहीत कदाचित. सरकारी वकील लगेच हरकत घेईल.

कांता : घेऊ दे. थांबवेपर्यंत जेवढं होईल तेवढं बोला. आणि जजसाहेबांकडे नका बघू. माझी प्रीती मागच्या बाकावर बसलेली असेल, तिच्याकडे बघून बोला.