मिक्सरखालचं लाल बटण

आईशपथ खरं सांगतो. म्हणजे थोडं तिखट-मीठ माझं, पण मिक्सर खरा.

शहाद्यात मी मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. भांडं जास्त भरलं की मिक्सरच्या बुडाचं लाल बटण सुटून मिक्सर बंद पडतो. दाबलं की परत चालू. पण सेठ सगळ्यांना एकच सांगायचे, मोटर जळाली, ठेवून जा. मी मिक्सर उलटा करून गिऱ्हाइकालाच बटण दाबायला लावायचो. घरघर ऐकून बायका अशा हसायच्या, की कामाचं चीज व्हायचं.

सेठ भडकले. "तू मन्हं दुकान बुडाई ऱ्हायना. परत कोनले बटन दखाडं तर घर जाय."

"घर जासू सेठ, पण दखाडसूच."

तेवढ्यात सेठाणीच घरचा बंद मिक्सर घेऊन आल्या. मी उलटा केला, त्यांनी बटण दाबलं, मिक्सर सुरू. त्या शांतपणे सेठकडे वळल्या.

"मोटर जळनी म्हने ना? महिनाभर पाटावर मिरच्या वाटीसन मन्हा हात दुखी ग्यात."

आता तो मिक्सर दुकानातच असतो, लोकांना बटण दाखवायला. गल्ल्यावर सेठाणी असतात. घरी पाट्यावर मिरच्या सेठ वाटतात.

हसतोस काय? चहाचे पैसे दे. खिशात हात कसा घालायचा, तेही मी बटणासारखं दाखवतो.