कानातला सिंह

तारास बंदरातल्या सोनाराकडे मी तुटकं कडं घेऊन थांबले होते. माझ्यापुढे लग्नघरच्या मायलेकी. लेकीच्या हातात नवंकोरं सोन्याचं कानातलं.

"आई, बघ ना! हा सिंह नाहीच, आपला ब्रेमोन आहे!"

"अगंबाई, तोच लोंबता जबडा! काय हो दादा, सिंह सांगितला होता ना?"

"बाई, सिंह मी जन्मात पाहिला नाही. तुमच्या दारातला कुत्रा रोज माझ्यावर गुरगुरतो. त्यालाच आयाळ लावली."

"सासरचे फिदीफिदी हसतील! आधी वितळवा ते!"

"हात लावू नका हं, दादा! आई, ब्रेमोनला सासरी न्यायचं नाही म्हणालीस ना?"

"कुत्रं घेऊन कुणी नांदायला जातं का?"

"मग दुसऱ्या कानालाही हाच करा, दादा! आणि तोंड उघडं ठेवा. सासूबाई ओरडल्या, की दोन्हीकडून भुंकेल!"