होडीची सोनोग्राफी

रत्नागिरी स्टँडवर रांगेत माझ्यापुढे दोन कोळिणी होत्या.

“बकुळा, काल संध्याकाळी बंदरावर दिसली नाहीस गो? होडी येईपर्यंत तू तिथून हलत नाहीस.”

“आमची मनस्वी गेल्या आठवड्यात कॉलेजातून यंत्र घेऊन आलेली. फायबरच्या होडीत एका टोकाला आवाज सोडते, आपल्याला ऐकू न येणारा. तो फायबरमधून धावतो. आत चिकटवलेलं सुटलं असेल तिथे अडखळतो.”

“म्हणजे होडीची सोनोग्राफीच! अडखळला?”

“ह्यांनी मारलेल्या ठिगळापाशीच!”

“दत्तारामभाऊ भडकले असतील.”

“तोंड फुगवून बसले. पण ठिगळ काढून नवं बसवलं. पोरीनं परत तपासलं, मगच होडी पाण्यात.”

“मग काल काय केलंस?”

“बांगडे तळून ठेवले आणि झोपले गो. ह्यांनी दार वाजवलं तेव्हा जाग आली.”