डॉक्टर खुर्चीतून उठले

...आणि वरून पेशंट मलाच म्हणतात, ‘सायब, जरा हिंडत-फिरत जावा, पोट सुटायलंय तुमचं!’ मी हिंडू? मी? अहो, तुमी हिंडू देता का मला? तुमाला सांगतो, पालममध्ये दवाखाना टाकला आणि या खुर्चीत बसलो तो बसलोच! सकाळी खेड्यांकडून एसट्या यायला लागल्या की बसायचं आणि शेवटचा माणूस खोकून गेला की उठायचं. याची जीभ बघ, तिचा बीपी बघ, सगळं बसून. आणि तोंडानं दिवसभर काय? ‘आजोबा, रोज चालायचं! बाई, एका जागी बसायचं नाही, साखर वाढते!’ सांगायलाय कोण? जो सकाळपासून जागचा हललेला नाही तो!

आता महिना झाला, डावी पोटरी दुखायली. संध्याकाळी पाय असा फुगतो, चपलेत शिरत नाही. दुसऱ्या कुणाचा पाय असता तर तवाच परभणीला धाडला असता. स्वतःचा, म्हणून मलम चोळत बसलो. शेवटी बायकोनं बघितला. आमची दीपिका तशी धीराची आहे, पण पायाकडं बघून तिचा चेहराच उतरला. ‘अहो, शिरेत रक्ताची गुठळी तर नाही ना? पोटरीतली गुठळी फुफ्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो, असं तुमीच सांगता ना लोकांना?’ सांगतो! रोज सांगतो! पण लोकांना सांगताना कसं छान वाटतं हो... आणि स्वतःवर आलं तर? भ्यालो. तुमाला सांगतो, साफ भ्यालो.

परभणीला माझा दोस्त आहे, डॉक्टर सुगत, मोठा फिजिशियन. त्याला फोन लावला. तो म्हणाला, ‘आत्ता नीघ.’ मी म्हणालो, ‘उद्या बाजाराचा दिवस, लय गर्दी असते, परवा येतो.’ ‘डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मरायचंय का? बरं, उद्या तरी बसून राहू नको. अर्ध्या अर्ध्या तासानं ऊठ. नुसतं उभं राहायचं, दोन चकरा मारायच्या. एवढं जमेल का?’

जमेल का म्हणे! हसू नका! पालमला डॉक्टर उठला म्हणजे काय होतं, ठाऊक आहे का तुमाला? मागं एकदा भगवानराव गुरुजी छातीत दुखतंय म्हणून आले. मी नळी लावली, ऐकलं, आणि ताडकन उठलो. बखोटीला धरून जीपमध्ये घातलं, परभणीला पिटाळलं. गुरुजी वाचले! आजही कडक इस्त्रीत दारावरून जातात. पण लोकांनी मनात काय धरलं? तर, डॉक्टर बसून औषध देतात तवर फिकीर न्हाई. डॉक्टर उठले की गडी परभणीला, न्हाईतर थेट वर! बाहेर बाकावर बाया एकमेकींना विचारतात, ‘तुज्या सासूला बसून बघितलं का उठून?’ ‘बसून.’ ‘मंग काय न्हाई, बाजार करून जा निवांत.’ आता सांगा, मी उठायचं कधी?

तर बाजाराचा दिवस. दवाखाना गच्च. दीपिकानं माझ्या मोबाइलात गजर लावून दिलेला, अर्ध्या तासाचा. पहिल्यांदा खिशात थरथरला तेव्हा समोर तापाचं लेकरू होतं, त्याची आई माझ्याकडं टक लावून बघायली. नाही उठलो. दुसऱ्यांदा बाळंतीण होती. तिच्यासमोर उठू? पाप लागेल! तिसऱ्या वेळी पायाला मुंग्या आल्या, पोटरी ठणकायला लागली, आणि समोर कोण? राणीसावरगावचा येडबा. मेंढरंवाला म्हातारा, सोबत बायको म्हाळसाबाई आणि लेक हरिओम. आजार काय? सर्दी! नुसती सर्दी हो! मनात स्वतःलाच म्हणालो, शिवशंकर, हाच मौका आहे. सर्दीवाल्यासमोर उठलं तर काय बिघडतं?

आधी नुसता पुढं सरकलो. मग टेबल धरलं. मग अर्धा उठलो. म्हाळसाबाईची नजर माझ्या कमरेवर! मी थांबलो. ती थांबली. मी उगं पेन शोधल्यासारखं केलं... आणि उठलो.

येडबाला शिंक आलेली, ती नाकातच राहिली.

‘सायब... उठले?’ येडबा पुटपुटला.

आणि जे झालं! ‘आगं माय गं, मालकाला काय झालं गं!’ म्हाळसाबाईनं टाहो फोडला. पडद्याआडून सतरा डोकी आत. हरिओम फोनवर, ‘काका, जीप घिऊन या! आबाचं... काय म्हाईत काय, पण सायब उठल्यात! माज्याम्होरं! आर्धे न्हाई, पुरे उठल्यात!’ मी ओरडायलोय, ‘अहो, पाय मोकळा करायलोय माझा!’ ऐकतंय कोण? बाकावरची सरजाबाई सगळ्यांना समजावून सांगायली, ‘खरं सांगत नसत्यात गं, पेशंटचा धीर सुटंल म्हणून.’ आणि आमचा कंपाउंडर, चंद्रभान, इतकी वर्षं माझ्या हाताखाली काढलेला माणूस, तो सलाईनची बाटली घेऊन पळत आला आणि हळूच कानात म्हणतो, ‘सायब, कितपत हाय?’

येडबानं तर निरवानिरवच काढली. ‘हरिओम, काळा एडका इकू नगं... तुज्या मायला उगं बोलत जाऊ नगं...’ मी हसणार, तेवढ्यात बघतो तर म्हातारा घामानं डबडबलेला! ओठ पांढरे फटक. चंद्रभाननं बीपी बघितला. दोनशेच्या वर! सर्दी घेऊन आलेला माणूस हो! भीतीनंच जायचा हा, आणि मारणारा कोण? मी! नुसता उभा राहून! जवळ जाऊन बघावं म्हटलं तर मी एक पाऊल पुढं टाकलं की त्याचे डोळे पांढरे व्हायलेत! सांगा, अशा वेळी डॉक्टरनं काय करावं?

बसलो. तुमाला सांगतो, पोटरीतून कळ निघाली, पण बसलो. आवाज करून बसलो. मागं टेकलो. जांभई दिली! चंद्रभानला म्हणालो, ‘चहा सांग रे, साखर जास्त.’ जिभेखाली गोळी-बिळी काही नाही, नुसता चहा पीत त्याच्याकडं बघत राहिलो. एक डोळा मात्र बीपीच्या काट्यावर. हळूहळू म्हाताऱ्याच्या तोंडावर रंग आला. बीपी उतरला. अडकलेली शिंक आली. म्हाळसाबाईनं डोळे पुसले आणि वाकून पाया पडली. माझ्या नाही. खुर्चीच्या!

मग कुठलं उठणं न काय! अंधार पडेपर्यंत बसून होतो. गजर खिशात थरथरून मरतोय, मी बसलोय. सकाळी पाय बघितला तर दुप्पट. दीपिकानं थेट गाडी काढली. वाटेत पिंगळी गाव गेलं तरी मी नुसता श्वास मोजायलो, अडकतोय का, अडकतोय का...

परभणीला सुगतनं पायाची सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्ट त्याच्या हातात, तो त्याच्या खुर्चीत, आणि मी? मी स्टुलावर! त्या स्टुलावरून डॉक्टर किती मोठा दिसतो हो, मला आजवर ठाऊकच नव्हतं. त्यानं रिपोर्ट वाचला. तोंडावर काही नाही. परत वाचला. काही नाही. खाली ठेवला...

आणि उठला.

तुमाला सांगतो, भिंतीवर पदवी लावलेला माणूस मी, पण स्टुलावरून पडता पडता राहिलो! दीपिकानं माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. डोळ्यांसमोर लेकरं आली, तिच्या नावावर न केलेलं घर आलं. मी कसाबसा बोललो, ‘सुगत, लपवू नको... गुठळी कुठवर गेली?’

तो खिडकीपाशी कमरेवर हात ठेवून मागं वाकायलेला. ‘कसली गुठळी? शिरा साफ मोकळ्या आहेत तुझ्या. बसून बसून सुजलाय पाय. चालत जा जरा! माझीच कंबर धरलीय लेका दिवसभर बसून, म्हणून आता अर्ध्या अर्ध्या तासानं उठायलोय.’

मी घाम पुसला, त्याला हात जोडले आणि म्हणालो, ‘ऊठ बाबा, जरूर ऊठ, देव तुला लंबी उमर देवो... पण पेशंट बाहेर गेल्यावर ऊठ!’