बॉनेटवरचं कुंकू

बासष्ट साली जयपूरच्या मोटारसामानाच्या दुकानात शेजारच्या मायलेकांचं मराठी कानावर पडलं, तशा प्रतिमाताई “कुठले तुम्ही?” विचारायला हौसेनं वळल्या.

“आई, स्पोर्ट्स कारला कुणी राख लावतं का?”

“दसऱ्याचं कुंकू निघेना रे, राजन. भांडी लखलखतात, म्हणून घासलं.”

दुकानदार बाहेर जाऊन बॉनेट बघून आला.

“साहब, अकेले मोम से निशान नहीं जाएँगे. पहले पॉलिश, ऊपर से मोम. राख से रगड़ा किसने?”

“कामवाली ने,” राजन म्हणाला.

विचारायला पुढे झालेल्या प्रतिमाताई मागे सरकल्या.

“ये अम्मा?” दुकानदारानं आईकडे पाहिलं. “कब से हैं आपके यहाँ?”

राजन पॉलिशच्या डबीवरचं लेबल वाचू लागला.

“साहब पैदा हुए, तब से,” आई म्हणाली.